मशीन कोणी बसवली?

१

तेलाचं झाकण फिरवून काढलं, आत बॅटरीचा झोत मारला, आणि धम्मशीलाच्या तोंडून अशी शिवी निघाली की शेजारी उभा असलेला स्टोअरकीपर नीळकंठ खाकरला आणि त्याने मान दुसरीकडे वळवली.

आत वाळू होती. इंजिनाच्या डोक्यात वाळूचा एक कण गेला तरी चांगल्या मिस्त्रीला जेवण जात नाही. इथे कोणीतरी ओंजळी भरभरून ओतली होती. पोरं नदीकाठी देऊळ करतात तशी टोकदार रास झाकणाच्या बरोबर खाली उभी होती. टोकसुद्धा मोडलं नव्हतं.

"पाहिलंत?" साइट मॅनेजर शेखर मागून म्हणाला. "माणसं अशी असतात. ज्या मशीनवर पोट भरलं तिच्याच पोटात वाळू."

धम्मशीलाने झोत पुन्हा आत मारला. ती विमा कंपनीची सर्व्हेअर. मोडलेलं यंत्र पाहायचं, का मोडलं ते लिहायचं, एवढंच तिचं काम. बुलढाण्याहून सकाळी निघून ती साखरखेर्ड्याच्या पुढच्या या खडीच्या खदानीवर आली होती, आणि समोर दगड उचलणारी पिवळी पोकलेन मेलेली उभी होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती अशी सापडली. इंजिन जाम. बकेट हवेत.

गोष्ट सरळ होती आणि म्हणूनच तिचा संताप होत होता. रिपोर्टात 'घातपात' लिहिलं तर कंपनीला नवीन इंजिन मिळणार, आणि या मशीनचा ऑपरेटर प्रेमानंद, जो ठाण्यात कोठडीत बसला होता, तो तुरुंगात जाणार. 'देखभाल केली नाही' लिहिलं तर विम्याचा एक छदामही मिळणार नाही. तेव्हा शेखरच्या आवाजात एवढी काकुळती का होती, हे कळायला सर्व्हेअर असण्याची गरज नव्हती.

"मॅडम, एक सांगू का?" शेखर जरा जवळ सरकला. "आरोपी तुमच्या समाजाचा आहे म्हणून तुम्हाला अवघड जात असेल. पण तुम्ही शिकलेल्या आहात."

धम्मशीलाने झाकण परत घट्ट लावलं आणि हात पुसला.

"शिकलेली आहे म्हणूनच विचारते. घातपात तुम्ही डोळ्यांनी पाहिला का?"

"पाहायची गरजच नाही," शेखर म्हणाला आणि खिशातून फोन काढला. "त्याने स्वतः कबूल केलंय. त्याच्याच आवाजात."

२

फोनमधला निरोप दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा होता, आवाज दमलेला आणि चिडलेला. मागे एसटी स्टँडवरचा गोंगाट.

"साहेब, म्या मशीन बसवली हाये. पुरी खाली करून ठेवली. आता मी येईलोक तिले कोणी हात लावू नका. तेल द्याल तवाच उठंल ते."

"बसवली," शेखर म्हणाला. "ऐकलंत ना? इंजिन बसवलं म्हणतोय. वर धमकी. फौजदारसाहेबांनी एकदाच ऐकलं आणि गाडी पाठवली. दीक्षाभूमीवरून परत येताना स्टँडवरच उचलला."

आता मराठीत 'बसणे' हा शब्द किती कामांचा आहे ते बघा. धंदा बसतो, घसा बसतो, इंजिन बसतं. बसलं म्हणजे संपलं. पण पोकलेनच्या ऑपरेटरला विचारा. तो रोज संध्याकाळी मशीन बसवतो. म्हणजे बकेट जमिनीला टेकवतो, बूम, म्हणजे तिचा लांब लोखंडी हात, खाली आणतो, मशीनचा भार उतरवतो, आणि मग इंजिन बंद करतो. हवेत लटकत ठेवली की रात्रभर सगळा भार नळ्यांवर आणि सिलिंडरवर राहतो, मशीनचं आयुष्य कमी होतं. ऑपरेटर चांगला की भाड्याचा, ते त्याने मशीन बसवली की नाही यावरून कळतं. धम्मशीलाला हे माहीत होतं. धरणाच्या कामावरच्या वर्कशॉपमागे तिचं बालपण गेलं होतं.

फौजदाराला माहीत नव्हतं. तो कोल्हापूरकडचा, नवा.

ठाण्यात प्रेमानंद भिंतीला टेकून बसला होता. दारात त्याची बायको रेणुका. ती वरवट बकालहून पहाटेची गाडी धरून आली होती. अंगणवाडीत शिकवणारी बाई, आवाज खणखणीत.

"तुम्ही इमावाल्या न?" तिने धम्मशीलाची वाट अडवली. "मंग लिहा की यानं काई नाई केलं. घरच्या मोटरसायकलीपेक्षा त्या मशीनले जास्त पुसते हा माणूस. मले जळन होते तिची."

"ताई, मी पाहिलं तेच लिहीन."

"पाहा मंग नीट. बाकीच्याईनं नुसतं नाव पाह्यलं."

धम्मशीला गजांपाशी गेली. "प्रेमानंदभाऊ, जाताना काय काय केलं ते सांगा."

"सांगतलं न पोलिसाले! मशीन बसवली, खाली केली, चावी स्टोअरच्या खिळ्याले लावली आन् नागपूरची गाडी धरली. दसऱ्याले दीक्षाभूमीवर जातोच मी. याच्यात गुन्हा कोनता?"

"शेखर साहेबांशी भांडण कशावरून झालं?"

"तेलावरून. इंजिनातलं तेल पार डांबर झालं होतं. बझर तं कवापासूनच वरडून राह्यला. म्हनलं साहेब, मशीन एक दिवस उभी करा, तेल बदलू, फिल्टर बदलू. तं म्हनते, उभी मशीन म्हणजे उभं नुकसान. आबे, माणूस तरी रात्री झोपते का नाई!"

हवालदाराने मान डोलावली आणि लगेच डोलवायला नको होती असं तोंड केलं.

धम्मशीला परत जीपमध्ये बसली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हा माणूस म्हणतो बसवली. खाली केली. मग सकाळी सापडली तेव्हा बकेट हवेत कशी?

३

खदानीवर तीन माणसं तिच्या डोळ्यांसमोर होती.

एक शेखर. पुण्याचा, शर्ट नेहमी इस्त्रीचा. दसऱ्याच्या दिवशी तो साइटवरच नव्हता, मेहकरला होता असं त्याचं म्हणणं.

दुसरा नीळकंठ, लोणारचा. स्टोअर त्याच्या ताब्यात, आणि चावीचा खिळाही.

तिसरा इंद्रभान. लोडर चालवणारा, वयाने मोठा, गुडघ्याने अधू, म्हणून यंदा नागपूरला गेला नव्हता. ही पोकलेन आधी त्याच्याकडे होती; ती काढून प्रेमानंदला दिली तेव्हापासून दोघांत धुसफूस. फौजदाराने धम्मशीलाला हळूच सुचवलं होतं, "तो नसेल तर दुसरा असेल मॅडम. तुमच्यातलेच दोघं." त्यावर धम्मशीलाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला चहा आठवला.

तिने स्टोअरपासून सुरुवात केली. पत्र्याची खोली. आत टायरचा वास.

"नीळकंठभाऊ, प्रेमानंदने तेल मागितलं होतं?"

"हो, मांगतलं होतं. कितीकदा."

"दिलं का नाही?"

नीळकंठने दाराकडे पाहिलं. दारात शेखर उभा होता. "असतं तं देल्लं असतं," तो म्हणाला. "तेलाचे डबे कवाचे खाली हायेत."

"खाली आहेत तर वर ठेवा ना!" शेखर दारातूनच भडकला. "पायात येतात माणसांच्या. किती वेळा सांगितलं, स्टोअर म्हणजे उकिरडा नाही!"

नीळकंठचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग तो निमूट उठला, दोन रिकामे डबे उचलले आणि फळीवर ठेवले.

धम्मशीलाला हसू आलं. तिने ते दाबलं. पण हसू का आलं, यावर तिथेच थांबली असती तर तिचा अर्धा दिवस वाचला असता.

"दसऱ्याची पूजा कोणी केली?" तिने विचारलं.

"म्याच. सकाळी समद्या मशिनी धुतल्या, हार घातला, नारळ फोडला. त्या दिवशी पूजेनंतर आपण कोणत्याच औजाराले हात लावत नाई, मॅडम. चावी खिळ्याले, आन् आपण जेवायले. पुरणपोळी होती."

"आणि पोकलेनला कुणीच हात लावला नाही?"

"कोण लावंल?"

हे म्हणताना त्याने परत दाराकडे पाहिलं. दार आता रिकामं होतं.

४

कॅम्पचा स्वयंपाक करणारी गीताबाई साखरखेर्ड्याचीच. चुलीपुढून उठायला तयार नव्हती आणि बोलायलाही.

"मला त्या मशिनीतलं काय कळतंय बाई."

"पूजा झाल्यावर काही आवाज ऐकला का?"

"आवाज? मशीन चालू झाल्ती की. जेवणं चालली व्हती तवाच. म्हनलं आला वाटतं पर्माणंद. लगी ते किर्र किर्र वरडाया लागलं. ते तं रोजच वरडतंय. मग खाड् झालं आन् सगळं गप."

"किती वेळ वरडलं?"

"पोळी तव्यावर टाकली, उलटली, काढली. तेवढंच."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

गीताबाईने फुंकणी खाली ठेवली. "बाई, ते रोज वरडतंय तवा कुणी ऐकलं? मीच काऊन ऐकू?"

तेलाचा दाब कमी झाला की बझर ओरडतो. म्हणजे यंत्र माणसाला हाक मारतं, अरे थांब, मी मरतेय. इथे महिनोन्महिने सर्व्हिस न करता त्याला रोज ओरडायला लावलं, आणि सगळा कॅम्प बहिरा करून टाकला. मग खरोखर मरण आलं तेव्हा कुणाच्या कानावर काय जाणार होतं?

पण एक गोष्ट पक्की झाली. पूजेनंतर भर दुपारी पोकलेन चालू झाली होती. तेव्हा प्रेमानंद नागपूरला होता.

इंद्रभान लोडरच्या सावलीत तंबाखू मळत होता.

"या मॅडम. माह्यावर संशय हाये म्हणते फौजदार."

"आहे. तुमच्याकडून मशीन काढून घेतली होती ना?"

"हाव, काढली. राग आला, खोटं काऊन बोलू? पण राग प्रेमानंदवर होता, मशिनीवर नाई." त्याने तंबाखू दाढेत ठेवली. "चाला, तुमाले दाखवतो काई तरी. पोलिसाईनं पाह्यलं नाई, फोटू काढून गेले."

तो तिला पोकलेनपुढे घेऊन गेला आणि वर बोट दाखवलं.

झेंडूचा हार. नीळकंठने तो बकेटच्या दातांपासून बूमच्या पिनपर्यंत बांधला होता. आता तो मधोमध तुटला होता. अर्धा वर हवेत बकेटला लोंबकळत होता, अर्धा बूमवर सुकला होता.

"बकेट टेकलेली होती तवा हार बांधला," इंद्रभान म्हणाला. "मंग कोणीतरी बकेट उचलली, हार तुटला. बरोबर?"

"बरोबर."

"आन् उचलली तं उचलली, वरच सोडली! इंजिन बंद पडलं तरी दांडा दाबला का बूम हळूहळू उतरते. आमी कोणी असतो तं पळता पळताही मशीन बसवली असती. सवय हाये हाताले. हे ज्यानं केलं ते ऑपरेटर नाई."

"मग तुमच्या मनात कोण आहे?"

इंद्रभानने थुंकून घेतलं. "मनात हाये ते मनातच राहू द्या. माह्या पोरीचं लग्न हाये."

तेवढ्यात शेखर लांबून ओरडला, "मॅडम, झालं का? मालकांचा फोन आहे. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट पाहिजे म्हणतात!"

५

रिपोर्ट द्यायचा तर तेलाचा नमुना हवा. ते नेहमीचंच. इंजिनाखालचा बोल्ट काढायचा, जे गळेल ते बाटलीत धरायचं. वाळू तेलात मिसळली असेल तर काळा चिखल येईल. धम्मशीलाने इंद्रभानला पाना दिला, स्वतः खाली बाटली धरली.

बोल्ट निघाला.

काहीच आलं नाही.

एक थेंब नाही. इंद्रभान पान्यासकट थबकला. धम्मशीलाने भोकात बोट घातलं. बोटाला काळपट ओल लागली, तेवढीच.

ती उठली, वरचं झाकण काढलं आणि पुन्हा आत पाहिलं. टोकदार रास. तिने चिमूट उचलली आणि तळहातावर घेतली. वाळू कोरडी होती. तेलाने भरलेल्या इंजिनात वाळू कोरडी? आणि टोक? इंजिन वाळू टाकल्यावर एकदा, फक्त एकदा फिरलं असतं, तरी आतल्या दांड्यांनी ती रास उधळून लावली असती. ही तर कोणी आत्ताच रांगोळी काढावी तशी बसली होती.

वाळूने इंजिन मेलं नव्हतं. मेलेल्या इंजिनात वाळू टाकली होती.

"इंद्रभानभाऊ, यातलं तेल गेलं कुठं?"

इंद्रभानने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी नजर माणूस शुद्ध मराठी बोलणाऱ्या परक्याला देतो.

"कुठं जाईन? त्यानं सांगतलं न बाई. मशीन खाली केली म्हणून."

धम्मशीला जागच्या जागी उभी राहिली.

खाली.

वऱ्हाडात ट्रक खाली होतो, पोतं खाली होतं, डबा खाली होतो. खाली म्हणजे रिकामा. घागर खाली म्हटलं तर कुणी वाकून जमिनीवर शोधत नाही. आणि तिने, इथे जन्मलेल्या तिने, पुण्यात नोकरी करून आणलेल्या कानांनी 'बसवली'च्या पाठोपाठ 'खाली' ऐकलं आणि बकेट खाली असं समजून घेतलं! तिला स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटली.

मशीन बसवली. पुरी खाली करून ठेवली. तेल द्याल तवाच उठंल. म्हणजे जुनं तेल, इंजिन गरम असतानाच, गाळासकट पूर्ण काढून टाकलं. नवीन तेल दिल्याशिवाय चालवताच येणार नाही अशी ठेवली. आणि हात लावू नका म्हणून सांगितलं. यापेक्षा स्वच्छ सूचना कोणत्या इंजिनिअरने दिली असती?

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"समद्याईले माहीत होतं. नीळकंठलेही. म्हणून तं आमी कोणी तिच्याजवळ गेलो नाई."

"सगळ्यांना?"

इंद्रभान थांबला. त्याने ऑफिसच्या पत्र्याकडे पाहिलं.

"ज्याईले आमची भाषा कळते त्या समद्याईले," तो सावकाश म्हणाला.

६

ऑफिसात पंखा घरघरत होता. धम्मशीलाने नीळकंठला आणि इंद्रभानला बोलावून घेतलं. फौजदारही आला होता. रिपोर्ट तयार असेल तर सही घेऊन जाऊ, असा त्याचा हिशेब.

"शेखर साहेब, तो निरोप परत लावा," ती म्हणाली.

लावला. प्रेमानंदचा दमलेला आवाज खोलीत फिरला.

"हे ऐकून तुम्हाला वाटलं की त्याने इंजिन बसवलं. बरोबर?"

"अर्थात."

"मग फोनवर त्याला उत्तर काय पाठवलंत?"

शेखरने फोन उलटा करायचा प्रयत्न केला, पण फौजदार शेजारीच होता. पडद्यावर प्रेमानंदच्या निरोपाखाली शेखरने पाठवलेला पिवळा अंगठा चमकत होता.

"माणूस सांगतो की मी तुमचं इंजिन मारलं," धम्मशीला म्हणाली, "आणि तुम्ही त्याला अंगठा दाखवता? छान केलंस म्हणून? तेव्हा पोलिसात गेला नाहीत. मशीन पाहायला गेला नाहीत. कारण तेव्हा तुम्हाला ते साधं वाटलं. मशीन बसवली, बकेट खाली ठेवली. कबुलीजबाब तो दसऱ्यानंतर झाला."

"हा शब्दांचा खेळ आहे."

"आहेच. आणि तुम्ही त्यात हरलात." तिचा आवाज चढला आणि तिने तो उतरवला नाही. "दसऱ्याच्या दुपारी कुणीतरी ही मशीन चालू केली. बकेट उचलली, हार तुटला. बझर ओरडला आणि पोळी भाजेपर्यंत इंजिन चिकटलं, कारण आत तेलाचा थेंब नव्हता. तेल नाही हे नीळकंठला माहीत होतं. इंद्रभानला माहीत होतं. हे दोघं चावीला हात लावणार नाहीत. मशीन चालू करणारा माणूस असा पाहिजे की ज्याने निरोप ऐकला, पण त्याला तो कळला नाही. सकाळी स्टोअरमध्ये नीळकंठ म्हणाला डबे खाली आहेत, तेव्हा तुम्ही म्हणालात वर ठेवा."

नीळकंठने हसू लपवायला तोंडावर हात ठेवला. इंद्रभानने ठेवला नाही.

"मी मेहकरला होतो!" शेखर ओरडला.

"असाल. पण एवढा शिकलेला माणूस, तेल न बघता मशीन चालू करतो? साधं तेलपाणी बघायचं कळत नाही? कुणी शेणाच्या गाडीवरचा गडीसुद्धा..."

"मी काय मूर्ख आहे का?" शेखर ताडकन उठला. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. "मला स्वप्न पडणार होतं का की त्याने तेल काढलंय? खाली म्हणाला ना तो! खाली! खाली म्हणजे खाली! सरळ मराठी बोलायला काय होतं यांना? मालकांना संध्याकाळपर्यंत दगड पाहिजे होता, हे सगळे पुरणपोळ्या खात बसलेले, मी एकटा..."

तो थांबला.

फौजदाराने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"पुढे बोला," तो म्हणाला.

"ती चूक होती," शेखर खुर्चीत बसत म्हणाला. "अपघात होता. कुणाचीही होऊ शकते."

"चालू केली ती चूक," धम्मशीला म्हणाली. "मान्य. पण वाळू? ती आपोआप चढली का इंजिनावर? तुम्ही वाळूच्या ढिगाऱ्याकडे गेलात, वाळू भरून आणलीत, झाकण काढलंत, ओतलीत, झाकण लावलंत. एवढ्या वेळात एकदाही मनात आलं नाही का, की यात कोण सापडेल? आलं. म्हणूनच ओतलीत. नावही ठरलेलं होतं. भांडलेला, दीक्षाभूमीला गेलेला, उत्तर द्यायला हजर नसलेला. आणि ज्याचं नाव घेतल्यावर कुणी 'का' म्हणून विचारणार नाही असा."

शेखरचा फोन वाजायला लागला. पडद्यावर मालकाचं नाव होतं.

फौजदार म्हणाला, "स्पीकरवर घ्या."

७

मालकाचा आवाज मऊ होता. असे आवाज नेहमी मऊच असतात.

ठाण्यात पोचल्यावरही तो फोनवरच होता, आणि फौजदाराच्या टेबलावर पडलेल्या फोनमधून सगळ्यांशी एकदम बोलत होता. "झालं गेलं. मुलगा घाबरला, चूक केली. मॅडम, तुम्ही फक्त एवढंच लिहा, 'अज्ञात इसमाने घातपात केला'. मी प्रेमानंदविरुद्धची तक्रार आत्ताच्या आत्ता मागे घेतो. तो आज घरी जाईल. नोकरी आहे तशी. सगळ्यांचं भलं."

"आणि मी नाही लिहिलं तर?"

"तर कोर्टकचेरी. सुट्ट्या लागल्यात. तो आत किती दिवस राहील, देव जाणे."

धम्मशीलाचा रिपोर्ट तिच्या पिशवीत तयार होता. त्यात 'अज्ञात' हा शब्द कुठेच नव्हता, आणि ती तो घालणार नव्हती. पण कोठडीत ती बसणार नव्हती. तिने गजांकडे पाहिलं, मग दाराकडे.

"रेणुकाताई, ऐकलं ना? माझा रिपोर्ट बदलणार नाही. पण शेखरविरुद्ध तक्रार द्यायची की नाही, ते तुमचं आहे. तुम्ही काय ते सांगा."

फौजदार म्हणाला, "बाई, विचार करा. आज सुटतोय तो."

रेणुका उठली. पदर खोचला. टेबलाजवळ येऊन त्या फोनकडे पाहिलं, जसं पोरांनी खेळून टाकलेल्या चिखलाकडे पाहतात.

"अज्ञात?" ती म्हणाली. "माह्या नवऱ्याले धरलं तवा नाव पुरं लिहिलं तुमी. बापाच्या नावासगट, गावासगट, जातीसगट. पेपरात छापून आलं. माह्या अंगणवाडीतल्या लेकराईच्या मायबापाईनं वाचलं. तवा तं कोणी अज्ञात नव्हतं! आन् आता तुमच्या माणसाची पाळी आली तं माणूस अज्ञात झाला?"

"रेणुका," कोठडीतून प्रेमानंद म्हणाला.

ती वळली. क्षणभर तिचा चेहरा विस्कटला.

"थांबतो मी," तो म्हणाला. "तू लिही."

फोनमधून मऊ आवाज काहीतरी म्हणत होता. फौजदाराने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग बोटाने तो बंद केला. नवा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

रेणुकाने खुर्ची ओढली नाही. शेखर भिंतीपाशी उभा होता. त्याच्यासमोर जाऊन ती थांबली.

"तुमच्या बापाचं नाव सांगा, साहेब," ती म्हणाली. "पुरं लिहायचं हाये."